दुखणाईताची रात्र

देहाचे दुखणे दिवसा विभागले जाते. घरात माणसांची ये-जा असते, स्वयंपाक असतो, देवपूजा असते, दारी कोणी तरी येते. या व्यवहारांत मन गुंतलेले असल्यामुळे दुखण्याची धार थोडी बोथट होते. रात्र झाली, दिवे मालवले आणि घर निजले, म्हणजे तोच गुडघा, तीच कंबर, तोच खांदा सारे अंथरूण व्यापून राहतो. दुखते म्हणून झोप येत नाही, आणि झोप येत नाही म्हणून दुखणे अधिकच जाणवते. पहाटे काकडआरतीची घंटा कानी पडते तेव्हा कुठे डोळा लागू पाहतो, तोच उठण्याची वेळ होते. संधिवात, मणक्याचे विकार, मधुमेहामुळे पायांत होणारी जळजळ, जुन्या अस्थिभंगानंतर राहून गेलेली कळ अशा व्याधींनी ग्रासलेली माणसे आपल्या प्रत्येक आळीत आहेत. त्यांपैकी पुष्कळजण याविषयी कोणाजवळ बोलत नाहीत. ‘वय झाले, चालायचेच’ एवढे म्हणून ती आपली रात्र एकट्यानेच काढतात.

प्रस्तुत पाठात या रात्रीचा विचार करावयाचा आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या, किंवा जाऊन पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ साली अमलात आली. तीत या वेदनेला स्वतंत्र स्थान देण्यात आले आहे. अशी वेदना समूळ नाहीशी करणे पुष्कळदा वैद्याच्याही हाती नसते. मग, वेदना आहे तोवर निद्रा नाहीच, असे मानून बसावे काय? या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ते तसे का, आणि त्या उत्तराचा उपयोग आज रात्री अंथरुणावर पडताना कसा करावयाचा, हे आपण क्रमाने पाहू.

१. निद्रेचे स्थान

आपल्याकडे निद्रेकडे दोन टोकांनी पाहण्याची सवय आहे. एका बाजूस ती आळसाची बहीण समजली जाते. दुसऱ्या बाजूस रात्ररात्र जागणे हे तपाचे लक्षण मानले जाते. शास्त्रांचा अभिप्राय मात्र या दोन्हींहून वेगळा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे देहाला धरून ठेवणारे तीन आधार सांगितले आहेत. घराला जशी खांबांची, तशी देहाला या तिहींची गरज. त्याच स्थानाच्या एकविसाव्या अध्यायात सुख आणि दुःख, पुष्टी आणि कृशता, बल आणि दौर्बल्य ही सारी निद्रेवर अवलंबून असल्याचे प्रतिपादन आहे. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, निद्रानाशाची जी कारणे तेथे दिली आहेत त्यांत देहातील विकाराचाही समावेश आहे. व्याधीमुळे झोप उडते ही गोष्ट आचार्यांना ठाऊक होती आणि तिच्यावर अभ्यंग, स्नान, दूध, मनाला रुचणारे वातावरण असे उपायही त्यांनी सांगून ठेवले.

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात योग कोणाला साधतो याची चर्चा आहे. अतिशय झोपणाऱ्याला तो साधत नाही, तसाच सतत जागणाऱ्यालाही साधत नाही, असे भगवंतांनी स्पष्ट म्हटले आहे. ज्याची झोप आणि जाग दोन्ही प्रमाणात आहेत त्यालाच योग दुःखनाशक होतो. तेव्हा दुखणाईताने झोप मिळवण्यासाठी प्रयत्न करणे हे देहाचे लाड पुरवणे नव्हे; ते धर्माला धरूनच आहे.

येथे एक शंका उद्भवते. दुखणे हा प्रारब्धाचा भोग असेल, तर तो निमूटपणे भोगावा हेच योग्य नव्हे काय? समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात त्रिविध ताप वर्णिले आहेत आणि देहाच्या नानाविध रोगांची गणना आध्यात्मिक तापात केली आहे. परंतु हे ताप देहधारी प्राण्यास होतात असे तेथे सांगितले आहे. ते झाले असता उपचार करू नये, असे सांगितलेले नाही. चरकाने तर विमानस्थानात या शंकेचा समाचारच घेतला आहे. सारे काही दैवानेच ठरलेले असते, तर औषधाला आणि पथ्याला अर्थच उरला नसता. दैव व पुरुषप्रयत्न या दोहोंचा योग पाहावा लागतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. सहन करणे हा गुण आहे, हे खरे. परंतु जे टाळता येते तेही सहन करीत बसणे याला तितिक्षा म्हणत नाहीत.

२. वेदना व निद्रा यांचे चक्र

वेदनेमुळे झोप मोडते हे सांगावयास शास्त्र नको. परंतु झोप मोडल्यामुळे वेदना वाढते, ही दुसरी बाजू तितकी सर्वपरिचित नाही. १९७५ साली कॅनडातील टोरांटो येथे हार्वे मोल्डोफ्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना कोणतेही दुखणे नव्हते अशा निरोगी माणसांना रात्री झोपू दिले. मात्र ती गाढ झोपेत शिरू लागली की ध्वनी करून ती गाढ झोप तेवढी मोडावयाची, असा क्रम काही रात्री ठेवला. थोड्याच दिवसांत त्या निरोगी माणसांचे अंग दुखू लागले, दाबले असता स्नायू हुळहुळे लागू लागले. पुढे निर्वेध झोप मिळताच ती लक्षणे ओसरली. २०१९ साली कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात अॅडम क्रॉस व मॅथ्यू वॉकर यांनी निरोगी माणसांना एक रात्र जागवून त्यांच्या मेंदूचे निरीक्षण केले. जागरणानंतर थोडीशी उष्णताही वेदनादायक वाटू लागली. मेंदूतील वेदना नोंदवणारा भाग अधिक उत्तेजित झालेला आढळला, आणि तिला आवर घालण्यास मदत करणारे भाग मंदावलेले आढळले.

याचे मर्म ध्यानी यावे म्हणून १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी मांडलेला सिद्धान्त उपयोगी पडतो. शरीराच्या दुखऱ्या भागातून निघालेला संदेश सरळ मेंदूपर्यंत जातो असे नाही. पाठीच्या कण्यात जणू एक दार आहे. ते कधी अधिक उघडते, कधी किलकिले होते. दुखरा भाग चोळला असता बरे वाटते, याचे कारण हेच की चोळण्याचा स्पर्श ते दार काहीसे लोटून घेतो. त्याचप्रमाणे मेंदूकडून खाली येणारे संदेशही त्या दारावर परिणाम करतात. भय, चिंता आणि थकवा यांनी ते उघडते. स्वस्थता आणि अन्य विषयातील तल्लीनता यांनी ते मिटू लागते. पुढील संशोधनाने या सिद्धान्ताच्या तपशिलात पुष्कळ भर आणि दुरुस्ती केली. तथापि वेदना कमी-अधिक होण्यात मनाच्या अवस्थेचा वाटा असतो, हे त्याचे सार टिकून राहिले. यावरून वेदना काल्पनिक आहे असा अर्थ मात्र कोणी काढू नये. दुखणे खरेच असते. त्याची तीव्रता ठरवणारी अनेक कारणे असतात, आणि त्यांपैकी काही आपल्या आवाक्यात असतात, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

३. निद्रा येते कशी, आणि अडते कशी

१९८२ साली झुरिच येथील अलेक्झांडर बोर्बेली यांनी निद्रेची दोन सूत्रे सांगितली. पहिले सूत्र निद्रेच्या ओढीचे. सकाळी उठल्यापासून जितका वेळ आपण जागे राहतो तितकी ही ओढ साठत जाते, आणि रात्रीच्या झोपेत ती खर्च होते. दुसरे सूत्र देहातील घड्याळाचे. सूर्यप्रकाश आणि रोज ठरलेल्या वेळी उठणे यांनी हे घड्याळ जुळलेले राहते. ओढ पुरेशी साठलेली असावी आणि घड्याळानेही रात्रीची वेळ दाखवावी, म्हणजे झोप आपोआप येते.

आता दुखणाईत काय करतो ते पाहा. रात्री झोप झाली नाही म्हणून तो सकाळी उशिरापर्यंत पडून राहतो. त्यामुळे घड्याळ बिघडते. दुखते म्हणून दिवसभर आडवा होतो, मधून मधून डुलकी घेतो. त्यामुळे रात्रीसाठी साठवावयाची ओढ दुपारीच खर्च होते. आज तरी झोप मिळावी म्हणून तो नऊ वाजताच अंथरुणावर पडतो आणि चार-पाच तास कूस बदलीत राहतो. असे महिनोनमहिने चालले म्हणजे अंथरूण ही निजण्याची जागा न राहता जागण्याची, कण्हण्याची आणि घड्याळ पाहण्याची जागा होऊन बसते. दिवसा आरामखुर्चीत ज्याला पेंग येते त्याचे डोळे अंथरुणाला पाठ लागताच टक्क उघडतात, ते यामुळेच.

आर्थर स्पीलमन या अमेरिकन संशोधकाने निद्रानाशाच्या कारणांचे तीन वर्ग केले. काही कारणे स्वभावात किंवा देहप्रकृतीत पूर्वीपासून असतात. काही निमित्तकारणे असतात. संधिवात उद्भवला, पडून हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, ही त्यांची उदाहरणे. तिसरी कारणे निद्रानाशाला टिकवून धरणारी असतात. आणि ती आपणच, झोप मिळावी या सद्हेतूने, एकेक करून जमवलेली असतात. पहिल्या दोन वर्गांवर आपली सत्ता थोडी. तिसऱ्या वर्गावर ती पुष्कळ आहे. या पाठातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ती हीच. गुडघ्याची झीज भरून येणार नसेल. पण त्या झिजेभोवती वाढलेल्या सवयी मोडता येतात, आणि त्या मोडल्या की वेदना असतानाही झोप परत येऊ शकते.

४. एका प्रयोगाची साक्ष

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात साठ वर्षांवरील ३२७ स्त्री-पुरुषांवर केलेला एक प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. या सर्वांना सांध्यांच्या झिजेमुळे होणारी जुनाट वेदना होती आणि निद्रानाशही होता. त्यांपैकी सुमारे अर्ध्या लोकांना आठ आठवड्यांत सहा वेळा, प्रत्येक वेळी वीस ते तीस मिनिटे, दूरध्वनीवरून झोपेच्या सवयी बदलण्याचे शिक्षण दिले. उरलेल्यांशी तितक्याच वेळा बोलून केवळ सर्वसाधारण माहिती दिली. एक वर्षानंतर, ज्यांना सवयी बदलण्याचे शिक्षण मिळाले होते त्यांपैकी निम्म्याहून अधिक निद्रानाशातून मुक्त होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश होते. थकवाही पहिल्या गटात कमी झाला. वेदनेत प्रथम थोडा उतार पडला. पण तो फरक वर्षभर टिकला असे म्हणता येत नाही. म्हणजे सांधे तेच होते, वेदनाही पुष्कळ अंशी तीच होती. तरीही झोप सुधारली, आणि सुधारलेली टिकली.

हीच पद्धती जुनाट निद्रानाशावरील पहिला उपचार म्हणून वापरावी, असा निर्णय अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ साली दिला आहे. गोळीचा विचार त्यानंतर.

५. आचरणाचे नियम

पहिला नियम उठण्याच्या वेळेचा. रात्र कशीही गेली असो, सकाळी ठरलेल्या वेळीच अंथरूण सोडावे आणि थोडा वेळ उजेडात, अंगणात किंवा गच्चीवर बसावे. निजण्याची वेळ आपल्या आज्ञेत नसते, उठण्याची असते.

दुसरा नियम अंथरुणातील वेळेचा. दोन आठवडे वहीत रोज सकाळी अंदाजाने लिहावे, की अंथरुणावर किती वाजता पडलो, सुमारे किती तास झोप लागली, केव्हा उठलो. समजा, कोणी रात्री नऊपासून सकाळी सहापर्यंत, म्हणजे नऊ तास, अंथरुणात असतो आणि झोप मात्र सहा तासच लागते. त्याने काही आठवडे अंथरुणात सहाच तास राहावे. काकडआरतीसाठी साडेचारला उठावयाचे असेल तर साडेदहाला निजावे; सहाला उठणाऱ्याने बारापर्यंत जागावे. त्या सहा तासांपैकी पाच तासांहून थोडी अधिक झोप सलगपणे लागू लागली, की दर आठवड्यास पंधरा मिनिटे वाढवावीत. झोप याहून कमी भरत असली तरी अंथरुणातील वेळ साडेपाच तासांच्या खाली आणू नये. पहिले एक-दोन आठवडे दिवसा पेंग येईल, जीव कंटाळेल. ओढ साठत असल्याचीच ती खूण होय. मात्र ज्यांना अपस्माराचा किंवा उन्माद-विषादाचा विकार आहे, जे वारंवार पडतात, किंवा ज्यांना वाहन चालवावे लागते, त्यांनी हा नियम वैद्याच्या सल्ल्यावाचून पाळू नये.

तिसरा नियम अंथरुणाच्या उपयोगाचा. तो १९७२ साली रिचर्ड बूटझिन यांनी मांडला. झोप येऊ लागली तरच अंथरुणावर पडावे. अंदाजे वीस मिनिटे झोप लागली नाही किंवा मन तडफडू लागले, तर उठून दुसरीकडे बसावे आणि पेंग आली की परत यावे. घड्याळ मात्र पाहू नये. ते भिंतीकडे तोंड करून ठेवणेच बरे. दुखणाईताने या नियमात स्वतःपुरता फेर करावा. जवळच एक खुर्ची, शाल, पाण्याचा तांब्या आणि मंद दिवा निजण्यापूर्वीच मांडून ठेवावा. वाटेत पाट, चटई अथवा चपला नसाव्यात. ज्याला उठणेच कठीण आहे त्याने पाठीशी उशा लावून अंथरुणातच उठून बसावे. पडणे आणि बसणे यांतील भेद देहाला कळला तरी पुरे.

चौथा नियम वामकुक्षीचा. ती मुळीच टाळता आली तर उत्तम. नच टाळता आली तर दुपारी तीनच्या आत आणि अर्ध्या तासाच्या आत आटोपावी. दुखते म्हणून विसावा घेण्यास हरकत नाही; पण तो जागेपणीचा असावा.

पाचवा नियम दिवसाच्या श्रमाचा. दुखणे कमी असलेल्या दिवशी माणूस साचलेली सारी कामे उरकू पाहतो. गणपतीच्या दिवसांत एका सकाळीच माळा साफ करावयाचा, भांडी घासावयाची, मोदकही वळावयाचे. मग पुढल्या चार रात्री कळा सोसावयाच्या, हा अनुभव अनेक घरांतील आहे. बऱ्या दिवशी काम थोडे आवरावे आणि वाईट दिवशीही थोडे चालावे. रोजचा मध्यम व्यायाम वेदनेलाही हितकर आहे आणि निद्रेलाही.

सहावा नियम संध्याकाळचा. चहातील उत्तेजक द्रव्य पाच-सहा तासांनंतरही अर्धेअधिक देहात शिल्लक असू शकते. म्हणून दुपारनंतर चहा-कॉफी घेऊ नये. तंबाखू आणि मशेरीही झोप उडवणारी आहेत. मद्याने प्रथम गुंगी येते, पण उत्तररात्री झोप तुटते. निजण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने स्नान करावे किंवा दुखऱ्या सांध्याला शेक द्यावा. गरम पाण्याची पिशवी जवळ घेऊन झोपू नये. मधुमेहामुळे पायांची संवेदना गेली असेल तर भाजल्याचेही कळत नाही. कुशीवर निजणाऱ्याने दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी घ्यावी, उताणे निजणाऱ्याने गुडघ्यांखाली. कंबरेचा ताण हलका होतो. उद्याच्या विवंचना तिन्हीसांजेनंतर दहा मिनिटे बसून कागदावर उतरवून ठेवाव्यात, म्हणजे त्या अंथरुणात येऊन गाठत नाहीत.

६. मध्यरात्री जाग आली असता

नियम पाळूनही जाग येणारच. त्या वेळी जे होते त्याचे दोन भाग करून पाहण्यास शिकावे. एक भाग कळेचा. ती गुडघ्यात आहे, खांद्यात आहे, अमुक इतकी आहे. दुसरा भाग तिच्यामागून येणाऱ्या विचारांचा. ‘आता दोन वाजले, उद्या माझे काय होणार’, ‘हे असेच वाढत जाणार’, ‘माझ्याच वाट्याला का’. कळ देहातून येते, हे विचार मनातून येतात. आणि अंधारात दोन्ही एकच वाटतात. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, विषयांच्या स्पर्शाने होणारी सुखदुःखे येतात आणि जातात, ती सोसावी, असा उपदेश आहे. त्याचा रात्रीपुरता अर्थ एवढाच घ्यावा, की आलेली कळ तेवढी सोसावी; उद्याची आणि वर्षभराची कळ आज रात्री सोसावयास घेऊ नये.

श्वास सावकाश सोडावा. घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ लागू द्यावा. मग पायांच्या बोटांपासून मस्तकापर्यंत एकेक अवयव सैल सोडीत जावे. शवासनाचा अभ्यास असणाऱ्यास हे नवीन नाही. एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत प्रत्येक स्नायू आधी आवळून मग सैल करावयाचा असतो. दुखऱ्या भागाने मात्र आवळणे सोडून केवळ सैल करणे एवढेच करावे.

नामस्मरणाविषयीही एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. ‘माळ ओढतो, तरी झोप येत नाही’ अशी तक्रार ऐकू येते. या तक्रारीतच तिचे उत्तर आहे. नाम घ्यावयाचे आणि प्रत्येक मण्यागणिक झोप आली की नाही हे तपासावयाचे, असे झाले म्हणजे नामही होत नाही आणि निद्राही येत नाही. निद्रेचा स्वभावच असा, की तिच्यामागे धावले की ती दूर जाते. ओवी मनात आठवावी, नाम घ्यावे, ते त्याच्याचसाठी घ्यावे. झोप आली तर बरे. न आली तर ती घटका नामात गेली, हेही बरे. कर्म आपले, फल आपल्या हाती नाही, हे तत्त्व निद्रेइतके अक्षरशः फार थोड्या ठिकाणी लागू पडत असेल.

७. औषधांविषयी सावधगिरी

नियम पाळणे म्हणजे औषध सोडणे नव्हे. वेदनेवरील औषध रात्री कोणत्या वेळी घेतले असता पहिल्या झोपेला आधार मिळेल, हे वैद्याला विचारून ठरवावे. स्टेरॉइडची गोळी संध्याकाळी घेतली असता झोप उडू शकते, आणि लघवी वाढवणारी गोळी रात्री उठवते. ती सकाळी घेता येईल काय, हेही विचारावे. पॅरासिटॅमॉल अनेक मिश्र गोळ्यांत असते. दोन निरनिराळ्या नावांच्या गोळ्या घेतल्या असता नकळत मात्रा दुप्पट होते. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांची सवय लागते, वृद्धांचा त्यांनी तोल जातो, आणि त्या एकाएकी सोडल्या तरी धोका असतो. म्हणून सोडावयाच्या तर वैद्याच्या देखरेखीखाली हळूहळू सोडाव्यात. त्या गोळ्या आणि अफूवर्गातील वेदनाशामके एकत्र घेतल्याने श्वास मंदावून प्राणावर बेतू शकते. शेजाऱ्याची गोळी तर कदापि घेऊ नये.

पुढील गोष्टी आढळल्यास पाठ बाजूस ठेवून वैद्याकडे जावे. ज्वर किंवा अकारण वजन घटणे यांसह रात्रीची वेदना. सकाळी तासभर न सुटणारा सांध्यांचा ताठरपणा. मोठ्याने घोरताना श्वास अडणे. निजताना पायांत होणारी असह्य चुळबूळ, जी कधी कधी लोहाच्या कमतरतेने होते. पाठदुखीबरोबर जांघेत बधिरता आली किंवा लघवी-शौचावरील ताबा गेला, तर एक रात्रही दवडू नये. आणि जागत्या रात्री जीव नकोसा झाल्याचे विचार येऊ लागले, तर ते कोणाजवळ तरी लगेच बोलावे. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेली मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते.

८. घरच्या माणसांचे कर्तव्य

दुखणे बाहेरून दिसत नाही. हात मोडला तर गळ्यातील झोळी दिसते; जुनाट कळ आणि हरवलेली झोप यांना अशी खूण नाही. म्हणून घरची माणसे नकळत कठोर बोलतात. ‘दुपारी तर घोरत होतीस’, ‘मनावर घेतलेस तर झोप लागेल’, ‘तुझे रोजचेच आहे’. ही वाक्ये ऐकल्यावर दुखणाईत बोलणे सोडतो, आणि अंधारात त्याच्याजवळ वेदनेखेरीज कोणी उरत नाही. त्याऐवजी सकाळी एवढेच विचारावे, ‘आज काय केले असता तुला सोपे जाईल?’ रात्रीचा हिशेब मागू नये. न झोपल्याची चर्चा जितकी अधिक, तितके दुसऱ्या रात्रीचे भय मोठे.

घरात सुनेने किंवा मुलीने रात्रंदिवस शुश्रूषा करावी आणि तिच्या झोपेकडे कोणी पाहू नये, हेही न्यायाचे नव्हे. आळीपाळीने जागावे. मंदिरात नेहमी येणारे कोणी चार दिवस दिसले नाही, तर प्रसाद घेऊन त्यांच्या घरी जावे, घटकाभर बसावे, आणि उपाय न सांगता त्यांचे ऐकून घ्यावे.

तात्पर्य

जुनाट व्याधीने ग्रासलेल्या माणसाची रात्र वेदना आणि वेदनेभोवती जमलेल्या सवयी, भये व मौन यांची मिळून झालेली असते. वेदनेचा भाग पुष्कळदा आपल्या हाती नसतो. दुसरा भाग थोडाथोडा कमी करता येतो. निद्रेला आज्ञा करता येत नाही. उठण्याची वेळ पाळावी, अंथरूण निद्रेसाठी राखावे, दिवस बेताने घालवावा, आणि मग स्वस्थ राहावे. एखादी रात्र वाईट गेली तरी नियम सोडू नये. एका रात्रीवरून निर्णय करू नये, महिन्यावरून करावा.

मननासाठी प्रश्न

१. निद्रानाश टिकवून धरणाऱ्या माझ्या सवयी कोणत्या? त्यांपैकी कोणती एक या आठवड्यात सोडता येईल?

२. तितिक्षा आणि उपचाराची उपेक्षा यांत भेद कोणता?

३. आपल्या घरात वा आळीत रात्री जागणारे कोण आहे? त्यांची विचारपूस आपण शेवटी केव्हा केली?